छपरावरचा इस्मत

२ एप्रिल २०१६, शनिवार. ताइफ

बावा सुखरूप पोचले. जेद्दाच्या विमानतळावर व्हीलचेअरवाला मागून येतोय आणि हे काठी टेकत पुढे. वय अठ्ठ्याऐंशी, पण खुर्चीत बसायचं नाव नाही. हदाचा घाट चढताना माझी लेक अफशाँ त्यांना रस्त्याकडेची माकडं दाखवत होती, आणि ते मान वळवून मागे बघत होते.

"दर्या दिसल काय गो हितून?"

"नाही दादा, टू फार," अफशाँ म्हणाली. आजोबांना ती दादाच म्हणते.

बावा म्हणजे माझे सासरे, सिराजुद्दीन परकार, बाणकोटचे. व्हिजिटवर आलेत. उमरा करतील, नातीबरोबर राहतील, इथली थंड हवा खातील.

रहमतने आधीच बजावलंय, दुकानाचं बावांसमोर काढायचं नाही. गेल्या महिन्यात हुकूम आला. मोबाइलच्या दुकानांत रमजान लागेपर्यंत निम्मी माणसं सौदी हवीत, आणि सप्टेंबर लागला की सगळीच. विक्री असो नाहीतर दुरुस्ती. रहमत लग्नाच्या आधीपासून याच दुकानात मोबाइल उघडून बसलाय. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा तो दुकानमालक, भला आहे, पण तो तरी काय करणार?

(तोंडाने मी त्याला 'अहो' म्हणते. वहीत नाव लिहायला कोणाची भीती?)

१५ एप्रिल, शुक्रवार

शीला आली होती. ती आणि हरिहर नाशिकचे, हरिहर इथल्या इस्पितळातली यंत्रं सांभाळतो. ती म्हणाली, या सुट्टीत कोणीच गावी जात नाही, पोरं घरात कंटाळून एकमेकांचे गळे धरतील. पंधरा ऑगस्टला एखादं नाटक बसवू. "फरहाना, तू मंडणगडला शाळेत शिकवायचीस ना? मग लिही."

खरंय, यंदा कोणीच जात नाही. गेल्यावर परत येता येईल की नाही याची खात्री कोणाला आहे?

मी म्हटलं, दरवर्षीची तीच टिळक-भगतसिंगांची वेशभूषा नको. आमच्या घरातच एक जण आहे. बावा एकोणीसशे शेहेचाळीसच्या नाविकांच्या उठावात होते. लग्न होऊन आले तेव्हा गावात कोणीतरी हळूच सांगितलं होतं, "तुझा सासरा नेव्हीतून काढलेला." काढलेला म्हणजे चोरीबिरी केली असेल असंच मला कितीतरी दिवस वाटत होतं. पुढे कळलं.

शीला एकदम सरसावून बसली. "मग तर लिहीच."

१६ एप्रिल

संध्याकाळी गच्चीत बावांना चहा दिला आणि विचारलं, उठाव कसा सुरू झाला?

"डाळीवरून," बावा म्हणाले.

मी वाट पाहिली. ते डाळीवरच बोलत राहिले. डाळीत खडे असायचे, पाव शिळा, भात असा की गोळा करून भिंतीवर मारला तर चिकटून राहील. तक्रार केली की गोरा अधिकारी म्हणायचा, भिकाऱ्यांना आवडनिवड नसते. मी म्हटलं, "बावा, पण देशासाठी काही..."

"पोटातून निघालं ना, तेच देशाला लागलं," ते म्हणाले आणि चहा संपवून नमाजाला उठले.

नाटकाची सुरुवात डाळीने कशी करायची? पोरं हसतील.

२७ एप्रिल

आज बावांनी बरंच सांगितलं. घाईघाईने उतरवून घेतेय.

सोमवारी तारायंत्रवाल्या पोरांनी न्याहारी करायला नकार दिला. मंगळवारपर्यंत बंदरातल्या जहाजांवर, किनाऱ्यावरच्या बराकींत सगळीकडे तेच. बावा कॅसल बराकीत होते, अठरा वर्षांचे. त्यांच्या खाटेशेजारी इस्मत. तोही बाणकोटचा, खाडीपलीकडच्या वाडीतला, कामाने सिग्नलवाला. बावटे हातात धरून जहाजांशी बोलायचा. "आम्ही त्याला म्हणायचो, तू तोंडानं मुका, हातानं वाचाळ."

जहाजांवरचं जेवण साहेबांनी तोडलं. तर मुंबईची माणसं अपोलो बंदरावर डबे घेऊन आली. कोळणी, हॉटेलवाले, फळवाले. कोणी पाव, कोणी केळी, कोणी नुसता भाजलेला चणा. बोटीतून खलाशी यायचे आणि घेऊन जायचे. पहाऱ्याचे हिंदी शिपाई बघून न बघितल्यासारखं करायचे. कोणी कोणाची जात विचारली नाही. "एका कोळणीनं माझ्या दोस्ताला म्हटलं, खा रे पोरा, हे हिंदूचं नाय नि मुसलमानाचं नाय, हे बोंबलाचं हाय."

बावा हसले. हसता हसता डोळे पुसले. अफशाँ अभ्यास सोडून कधी येऊन बसली होती कळलंच नाही.

सुरुवात डाळीनेच करणार.

६ जून, सोमवार. पहिला रोजा

आजपासून निम्म्या माणसांचा नियम लागू. दुकानात हम्माद नावाचा पोरगा आलाय, म्हणजे पंचविशीतला, कफीलचा पुतण्या. रहमतने त्याला शिकवायचंय. ज्याने तीन महिन्यांनी आपली जागा घ्यायची त्याला आपणच शिकवायचं. माझ्या तर ऐकूनच डोक्यात तिडीक गेली.

"वरवरचं शिकवा," मी म्हटलं. "काच बदलायची, चार्जिंगचं तोंड साफ करायचं. बोर्डाचं काम हातचं राखा."

रहमत म्हणाला, "अर्धवट शिकवलं तर गिऱ्हाइकाचे फोन मरतील."

असा माणूस. दुकान हातातून चाललंय आणि याला गिऱ्हाइकांच्या फोनची काळजी.

१४ जून

इफ्तारच्या आधी तासभर बावांना बोलायला आवडतं. भूक विसरते म्हणतात. आज गोळीबाराचं सांगितलं.

गुरुवारी बराकीला वेढा पडला. आधी आपलेच शिपाई आणले होते, मराठी बोलणारे. बावा म्हणाले, भिंतीवरून त्यांची तोंडं दिसत होती, घरची वाटत होती. त्यांनी गोळ्या झाडल्या, पण नेम धरून नव्हे. मग त्यांना मागे घेतलं आणि गोरे आणले. तेव्हा पोरांनी कोठार फोडून बंदुका काढल्या. दिवसभर चाललं. बंदरातल्या जहाजांना आवाज येत होता पण आत काय चाललंय ते कळत नव्हतं. बराक पडली की काय? पडली असेल तर त्यांनी का टिकून राहायचं?

इस्मत छपरावर चढला. उभा राहिला, कारण बसून बावटे दिसत नाहीत. एकेक अक्षर करत जहाजांना कळवलं: वुई आर हिअर. आम्ही आहोत. उत्तर येईना, म्हणून परत एकदा. मग एका जहाजावरून दिवा लुकलुकला. इस्मतने खाली बघून सांगितलं, "पोचलं." आणि उतरायला वळला तेव्हा गोळी लागली. बावांनी आणि आणखी एकाने त्याला खाली घेतलं. दुसऱ्या दिवशी तो गेला.

अजान झाली. बावांनी खजूर हातात घेतला आणि तसाच धरून बसले. अफशाँने ग्लास पुढे केला तेव्हा तोंडात घातला.

मला माझ्या नाटकाचा नायक मिळाला, हे लिहिताना लाज वाटतेय, पण तेव्हा पहिल्यांदा मनात तेच आलं.

२४ जून, शुक्रवार

नाटक लिहून झालं. शेवट असा: इस्मत छपरावर, बावटे, गोळी, सगळे खलाशी "जयहिंद" म्हणतात, पडदा. शीलाने वाचलं आणि तिच्या अंगावर काटा आला.

बावांना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "आणि शनिवार?"

शनिवारी सकाळी उठाव संपला. जहाजांवर शरणागतीचे काळे बावटे चढले. मोठ्या पुढाऱ्यांनी निरोप पाठवला होता की शस्त्रं खाली ठेवा.

मी म्हटलं, "बावा, पंधरा ऑगस्टला शरणागती कोण दाखवतं? लोक पोरांना घेऊन येणार, बिर्याणी खाणार. त्यांना आनंदाने घरी जाऊ दे."

"बरं," ते म्हणाले. पण रुसले असं वाटलं.

७ जुलै. ईदचा दुसरा दिवस

हम्माद ईद मुबारक म्हणायला आला, खजुराची पेटी घेऊन. बाहेरच्या खोलीत दोघं बराच वेळ बसले होते. तो गेल्यावर रहमतने सांगितलं.

हम्माद म्हणतोय, सप्टेंबरपासून दुकान माझ्या नावावर होईल. मागे गोदाम आहे, तिथे पडदा लावू. तू आत बसून बोर्डाची कामं कर, मी पुढे गिऱ्हाईक बघतो. तपासणी आली तर मागच्या दाराने निघून जायचं. कोणाला कळणार?

मी अल्लाचे आभार मानले. खरंच मानले. रहमत मात्र खजुराची पेटी नुसतीच उघडत-मिटत होता.

"विचार कसला करताय?" मी म्हटलं.

"पकडलं तर जेल. मग बोटांचे ठसे आणि कायमचं बाहेर."

"सगळे करतात."

"सगळे नाही करत," तो म्हणाला. बावा आतल्या खोलीत जपमाळ ओढत होते. त्यांना ऐकू गेलं नसावं. हल्ली कमीच ऐकू येतं.

९ जुलै

दोन दिवस आमच्यात धड बोलणं नाही. मी शेवटी सांगून टाकलं: अफशाँची नववी चालू आहे. मधेच गावी नेली तर तिचं काय होईल? तिला मराठी वाचता येत नाही, आपल्याला तिकडे काम नाही. पडद्यामागे बसायला काय जातं? काम तर हातांनीच करायचंय.

रहमत म्हणाला, "ईदची सुट्टी संपली की हम्मादला हो म्हणतो."

जीव भांड्यात पडला.

१० जुलै

आज चहाला तिघं होतो, मी, रहमत आणि बावा. बावांनी आपणहून जुनं काढलं, मी विचारलंही नव्हतं. मला वाटलं नाटकासाठी सांगतायत, म्हणून वही घेऊन बसले.

उठाव संपल्यावर त्यांना पकडून मुलुंडच्या छावणीत ठेवलं. चौकशी झाली. चौकशीचा साहेब गोड बोलायचा. बावांना म्हणाला, तू पोरगा आहेस, नोकरी घालवू नकोस. एवढंच सांग की तुला इस्मतने फूस लावली. तो तर मेलाय, त्याला काय फरक पडतो? इथे आपण दोघंच आहोत. कोणाला कळणार?

"मग?" रहमतने विचारलं.

"मी बोललो, साहेब, फूस डाळीनं लावली."

बावा स्वतःच हसले. म्हणाले, बिल्ले उपटून घेतले, तिकीट हातात दिलं आणि घरी धाडलं. गावात आईने विचारलं, आता काय करणार? पुढल्या वर्षी देश स्वतंत्र झाला. वाटलं, आता बोलावतील. मुंबईला जाऊन विचारून आले, आपलाच अधिकारी होता, उठून उभा राहिला, चहा दिला, पण घेता येणार नाही म्हणाला. मग हाजी नेणाऱ्या जहाजावर खलाशी म्हणून लागले. मुंबई-जेद्दा, मुंबई-जेद्दा. तिथेच हमालांकडून अरबी शिकले. त्याच कमाईवर घर उभं राहिलं.

"वाईट वाटायचं?" रहमतने विचारलं.

"वाटायचं तर. वर्दी आवडायची मला." मग म्हणाले, "पण झोप लागायची."

ऐकायला छान आहे, पण या प्रसंगाचा नाटकात काही उपयोग नाही. ना बंदूक ना बावटा. दोन माणसं टेबलाशी बसलेली.

११ जुलै

रहमतने हम्मादला नाही म्हणून सांगितलं.

हे काय? परवा हो म्हणाला होता. मधे काय झालं? कोणाशी बोलला असेल? मी विचारलं, तर म्हणे कोणाशीच नाही. बावांना तर यातलं काही ठाऊकच नाही. त्यांचं आणि याचं या विषयावर एक अक्षर बोलणं झालेलं नाही, मी घरातच होते ना.

हम्माद चिडून दुकानातून निघून गेला. मीही स्वयंपाकघरात भांडी आपटली. बावा मात्र आज दोन चपात्या जास्त जेवले. म्हाताऱ्यांना बरं असतं, त्यांना कशाची कल्पना नसते.

२३ जुलै

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. हम्माद दुकानाकडे फिरकला नाही. मी मनात सामानाची बांधाबांध सुरू केली. काय विकायचं, काय न्यायचं. पुढ्यातला फ्रिज बघितला तरी रडू यायचं.

आज हम्माद घरी आला. रहमत त्याला आत घेऊन आला, मी चहा पाठवला. दार अर्धं उघडं होतं. तो म्हणत होता, "मला राग नव्हता आला, मोअल्लिम. मला भीती वाटली. तू आत बसलास तर मला काही यावं लागणार नाही, असं मी धरून चाललो होतो. काकांनी दुकान माझ्या हवाली केलंय, आणि मला फक्त काच बदलता येते."

मोअल्लिम म्हणजे उस्ताद. हे मला आजच कळलं, की तो याला असं म्हणतो.

रहमत म्हणाला, "ऑगस्ट पुरा हातात आहे. उद्यापासून असरच्या नमाजानंतर बसू. सूक्ष्मदर्शकाखाली. यल्ला, चल, चहा पी."

३० जुलै

हम्मादची बोटं भाजलीत. रहमतला त्याचं कौतुक. "आज त्याने पहिल्यांदा बोर्डावरचा चिप उतरवून परत बसवला. फोन चालू झाला तेव्हा ओरडला." माझ्याकडे बघून हसला. उद्या आपला ठावठिकाणा नाही आणि हा माणूस इतका खूश कसा, मला कळत नाही. कळत नाही, पण बघायला बरं वाटतं.

शीलाला सगळं सांगितलं. तिने हरिहरला सांगितलं असणार.

५ ऑगस्ट, शुक्रवार

तालीम आमच्या गच्चीत. अफशाँ इस्मत झालीय, शीलाचा चैतन्य गोरा साहेब. त्याचं मराठी ऐकून खरोखरच गोऱ्याचं वाटतं, म्हणून ठीक. बावांनी अफशाँला बावट्यांची अक्षरं शिकवली. सत्तर वर्षांनी त्यांच्या हातांना सगळी आठवतात. एकही अक्षर चुकत नाही.

शेवटचा प्रवेश झाल्यावर अफशाँ म्हणाली, "अम्मी, देन व्हॉट? ते जिंकले?"

बावा माझ्याकडे बघायला लागले.

"नाही," मी म्हटलं. "दोन दिवसांनी थांबले."

"पण का? बंदुका होत्या ना. आय वुड नॉट स्टॉप."

बावा म्हणाले, "बाय, जहाजं उडवायला विमानं आणली व्हती. बाहेर रस्त्यावर माणसं मरत व्हती, आमच्यासाठी बाहेर पडलेली. शनिवारी सकाळी आम्ही रडत खाली आलो. पण रांगेत आलो. कोणी पळाला नाय, कोणी दुसऱ्याचं नाव सांगितलं नाय."

अफशाँने हातातले बावटे गुंडाळले. मग म्हणाली, "मग ते पण करू ना. इट्स द बेस्ट पार्ट."

संध्याकाळी बसून शनिवारचा प्रवेश लिहिला. चौकशीचा साहेबही आला, टेबलाशी बसलेली दोन माणसंही आली. 'फूस डाळीने लावली' हे वाक्य चैतन्यसमोर कोण बोलणार यावरून पोरांत भांडण.

१९ ऑगस्ट, शुक्रवार

पंधरा ऑगस्ट सोमवारी आला, म्हणून नाटक आजच्या सुट्टीला. शिफाच्या रस्त्यावरची एक इस्तराहा, म्हणजे गावाबाहेरचं सहलीचं घर, भाड्याने घेतली होती. अंगण, गालिचे, मागे डोंगर. कोकणातली कुटुंबं, नाशिक-पुण्याची दोन-चार, केरळचे शेजारी. हम्मादही आला. रहमतने बोलावलं होतं. मला धास्ती होती की बंड-गोळीबार बघून त्याला काय वाटेल.

डाळीला सगळे हसले. बोंबलाला तर इतके हसले की पोरांना थांबावं लागलं. अफशाँ पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर चढली तेव्हा ऊन उतरत होतं. तिने बावटे धरले आणि एकेक अक्षर केलं. चैतन्यने दूरवरून टॉर्च लुकलुकवला. "पोचलं," अफशाँ म्हणाली आणि पडली.

मग शनिवार. पोरं एकामागून एक खाली मान घालून रांगेत चालली. मी ठरवलं होतं की इथे वाद्य वाजवायचं, पण शीलाने बटण दाबलंच नाही, म्हणाली नकोसं वाटलं. नुसते पावलांचे आवाज. पहिल्या रांगेत बावा उभे राहिले. काठी बाजूला ठेवून, दोन्ही हात अंगाशी. त्यांना बघून हरिहर उठला, मग सगळे. हम्मादही उठला, का ते न कळताच.

रांग बावांसमोरून जायला लागली तसे ते काहीतरी पुटपुटत होते. मी जवळ होते. एकेका पोराकडे बघून नावं घेत होते. पोरांची नव्हे. वेगळीच नावं.

बिर्याणीच्या वेळी हम्मादने मला दुकानात शिकलेल्या हिंदीत विचारलं, "भाभी, वो ऊपर जो लड़की ने इशारा किया, क्या बोला?"

मी सांगितलं, "हम यहाँ हैं."

त्याने मान हलवली. मग रहमतकडे गेला आणि त्याच्या ताटात मटणाचा मोठा तुकडा वाढला.

आणि हे विसरले: हरिहरने रहमतला बाजूला घेतलं होतं. इस्पितळाच्या यंत्रांची देखभाल करणाऱ्या कंपनीला बुरैदा शहरासाठी माणूस हवाय. बारीक बोर्डावर हात चालणारा. सलाईनचे पंप, हृदयाचे ठोके दाखवणारे पडदे. कफालत, म्हणजे व्हिसा, आपल्या नावावर बदलून घेतील. उद्या कागद पाठवायचे.

२८ ऑगस्ट

बुरैदाहून होकार. रहमतने फोन ठेवला आणि नमाज पढायला गेला. बराच वेळ बाहेर आला नाही.

तिकडे शाळा आहे, अफशाँला घेतील. तिने नेटवर शोधून सांगितलं, "अम्मी, इट्स ओन्ली डेट्स देअर." खजूर तर खजूर.

बावांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं. उघड्यावरचं काम हाय." म्हणजे काय, मी विचारलं. "म्हणजे पडदा नाय," ते म्हणाले आणि जपमाळ ओढू लागले.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना ऐकू येतं तर.

३ सप्टेंबर, शनिवार

आज दुकानात फक्त हम्माद. रहमतला आत पाय टाकायची परवानगी नाही. सकाळपासून घरात नुसता येरझारा घालत होता. शेवटी मी म्हटलं, माझ्या फोनचा आवाज नीट येत नाही, चला दाखवून येऊ.

तो गाडीतच बसला, रस्त्यापलीकडे. मी आणि अफशाँ आत गेलो. काउंटरवर दोन बायका, एक म्हातारा. हम्मादने मला ओळख दाखवली नाही, नंबर आल्यावर फोन घेतला, उघडला, भिंगाखाली धरला. कपाळावर घाम. मी काचेतून गाडीकडे बघितलं तर रहमत पुढे वाकून बसलेला, परीक्षेच्या वर्गाबाहेर बाप बसतो तसा.

फोन झाला. हम्मादने पैसे घ्यायला नकार दिला, मी काउंटरवर ठेवलेच. मग त्यानेच माझ्या फोनवरून रहमतला फोन लावला. "मोअल्लिम, आवाज येतोय?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. हम्माद काचेकडे वळला आणि त्याने हात वर केला.

तपासणीवालेही येऊन गेले म्हणे, दुपारी. गोदामात जाऊन बघितलं. तिथे खोकी होती.

२५ सप्टेंबर, रविवार. जेद्दा

बावांना निरोप द्यायला विमानतळावर आलो. मला वाटलं होतं, घाट उतरल्यावर त्यांना समुद्र दाखवावा. कॉर्निशवर गाडी थांबवली. ते कठड्याला टेकून उभे राहिले आणि बंदराच्या बाजूला हात करून अफशाँला सांगत होते की जहाज कुठे लागायचं. तिला सगळं समजलं नसेल, पण फोन खिशात होता.

पुढच्या आठवड्यात आम्ही बुरैदाला. सामान गेलंय. मला भीती वाटते, आणि वाटत नाहीही. रहमत वाटेत यंत्रांच्या माहितीपुस्तकातलं वाचून मला समजावत होता, पंपात हवेचा बुडबुडा कसा ओळखतात ते. मी ऐकलं. पहिल्यांदाच पूर्ण ऐकलं असेन.

व्हीलचेअर आज बावांनी मुकाट घेतली, अफशाँ ढकलणार म्हणाली म्हणून. रांग लांब होती. एका अधिकाऱ्याने वयस्क माणूस बघून आम्हाला पुढे बोलावलं. बावांना काउंटरपर्यंत सोडून अफशाँने मागे यायचं होतं, पण ती तिथेच रेंगाळली. तरुण अधिकारी होता, हम्मादच्याच वयाचा. पासपोर्टवरची जन्मतारीख बघून त्याने भुवया उंचावल्या. "माशाल्ला, हज्जी. इंडियात काय काम करत होतात?"

बावा बोलायच्या आत अफशाँने इंग्रजीत सांगून टाकलं, "ही वॉज इन द नेव्ही. ही फॉट द ब्रिटिश."

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं आणि बावांकडे नीट बघितलं. मग हसून अरबीत विचारलं, "मग जिंकलं कोण?"

आम्ही दोरीच्या अलीकडे उभे होतो. बावांचा आवाज स्पष्ट आला, बंदरावरच्या हमालांकडून शिकलेल्या अरबीत.

"एहना," ते म्हणाले. आम्ही.

आणि शिक्का पडत असताना, अगदी सहज, "बादेन."

नंतर.